हवा नको म्हणणारे जंतू : लुई पाश्चर

दुधाच्या बाटलीवर ज्यांच्या नावावरून आलेला शब्द आपण रोज वाचतो, त्या लुई पाश्चर यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. लुई रसायनशास्त्र शिकले व प्राध्यापक झाले. १८५९ साली त्यांची नऊ वर्षांची मुलगी विषमज्वराने गेली. पुढे आणखी दोन मुली गेल्या. एवढे दुःख पचवून ते काम करीत राहिले.

१८६१ साली ते एका आंबलेल्या द्रवातले जंतू पाहत होते. त्याला खवट लोण्यासारखा वास येई. काचेवरच्या थेंबात मधले जंतू वळवळत होते, पण कडेचे, म्हणजे हवेजवळचे, निपचित पडले होते. त्यांनी द्रवातून हवा सोडली, तर आंबणेच थांबले! हवेशिवाय जीव जगूच शकत नाही, असे तेव्हा सर्वजण मानीत. ज्याला आपण प्राणवायू म्हणतो, तोच या जिवांचे प्राण घेत होता. हवेवर जगणाऱ्यांना पाश्चर यांनी एरोबिक आणि हवेवाचून जगणाऱ्यांना अॅनेरोबिक असे नाव दिले.

काही जंतू दोन्ही प्रकारे जगतात. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूत लोह व गंधक असलेले एक प्रथिन असते. प्राणवायू येताच लोह-गंधकाची ती जोडणी मोडते. हाच जंतूला इशारा! मग तो आपले जगण्याचे तंत्र बदलतो. हे मात्र पाश्चर यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी समजले.

१८६८ साली पाश्चर यांची डावी बाजू लुळी पडली. तरी १८८५ साली पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका मुलाला त्यांची लस टोचण्यात आली व तो वाचला. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले.

धनुर्वाताचा जंतूही हवा न सोसणारा आहे. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही, तिथे तो वाढतो. पायात खिळा घुसला की डॉक्टर धनुर्वाताच्या लशीची चौकशी का करतात, हे आता तुम्हीच घरी आई-बाबांना समजावून सांगा.