न भरलेल्या खटल्यांचा हिशेब

सरकारी वकील हा लोकांनी मते देऊन निवडावा, की सरकारने नेमावा, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. आपल्या कायद्याने तो सरकारच्या हाती सोपविला आहे. एखादा खटला अकस्मात मागे घेतला गेला, एखाद्या बड्या आरोपीविरुद्धची कागदपत्रे वर्षानुवर्षे धूळ खात पडली, म्हणजे मात्र पुष्कळांच्या मनात येते की, हा अधिकारी लोकांनीच निवडला असता तर असे घडते ना! अमेरिकेतील बहुतेक राज्यांत तो तसा निवडला जातो. त्या पद्धतीने माणूस किती उंच चढतो आणि कोणत्या पायरीवर घसरतो, हे पाहावयाचे असेल तर न्यूयॉर्कच्या विल्यम ओड्वायर यांच्या चरित्राकडे वळावे, असे आम्ही सुचवू.

ओड्वायर यांचा जन्म 1890 साली आयर्लंडच्या मेयो परगण्यातील बोहोला या खेड्यात झाला. आईबाप दोघेही शिक्षक, आणि घरात अकरा भावंडे. थोरल्या मुलाने धर्मोपदेशक व्हावे म्हणून त्याला स्पेनमधील सालामांका येथे शिकावयास पाठविण्यात आले. परंतु ती वाट त्याला मानवली नाही. 1910 साली तो तरुण न्यूयॉर्क बंदरात उतरला. बांधकामावर विटा वाहाव्या, बोटीच्या भट्टीत कोळसा टाकावा, हॉटेलात मद्याचे पेले भरावे, अशी पडेल ती कामे त्याने केली. 1917 मध्ये तो पोलीस शिपाई झाला, आणि पहारा सांभाळून फोर्डहॅम विद्यापीठात कायदा शिकला. वकिली, मग 1932 मध्ये दंडाधिकाऱ्याचे आसन, पुढे न्यायाधीशपद आणि 1939 च्या निवडणुकीत ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नीचे, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाचे पद, असा हा चढता आलेख आहे. विटा वाहणारे हात तीस वर्षांत कायद्याचा दंड धारण करते झाले. या कर्तबगारीला कमी लेखण्याचे पाप आमच्या हातून घडणार नाही.

पदावर येताच त्यांनी जे केले त्याने सारी अमेरिका थक्क झाली. ब्रुकलिनमध्ये सुपारी घेऊन माणसे मारणारी एक टोळी होती. वर्तमानपत्रांनी तिला एखाद्या कंपनीसारखे मर्डर इन्कॉर्पोरेटेड असे नाव दिले होते. 1940 च्या आरंभी त्या टोळीतला एब रेलेस हा पोलिसांच्या हाती लागला आणि स्वतःची मान वाचविण्यासाठी माफीचा साक्षीदार झाला. वर्षानुवर्षे न उलगडलेल्या खुनांचे धागे त्याच्या जबानीतून सुटू लागले. न्यायालयात ते खटले ओड्वायर यांचे साहाय्यक बर्टन टर्कस यांनी नेटाने लढविले. एकंदर सात जणांना विजेच्या खुर्चीत देहांत शिक्षा झाली. त्यांत 1944 साली सिंग सिंग तुरुंगात मरण पावलेला लेपके बुकाल्टर हा टोळीचा म्होरक्याही होता. या यशाच्या बळावर ओड्वायर 1941 मध्ये महापौरपदासाठी ला गार्डिया यांच्यासारख्या लोकप्रिय पुरुषाविरुद्ध उभे राहिले आणि हरले. परंतु हरूनही ते मोठे झाले.

त्या निवडणुकीनंतर अवघ्या आठ दिवसांनी, 12 नोव्हेंबर 1941 रोजी पहाटे, कोनी आयलंडवरील हाफ मून हॉटेलच्या सहाव्या मजल्याच्या खिडकीतून रेलेस खाली पडून मेला. खोलीबाहेर पोलिसांचा पहारा होता. पळून जाण्याच्या धडपडीत तो पडला, असा निर्वाळा 1951 मध्ये ग्रँड ज्युरीने दिला. पुष्कळांचा त्यावर आजतागायत विश्वास बसलेला नाही. तो वाद सोडविण्याचा आव आम्ही आणीत नाही. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. रेलेसच्या जबानीत गोदीवर हुकमत चालविणाऱ्या आल्बर्ट अनास्तासियाचे नाव होते. गोदी कामगारांच्या हक्कांसाठी झगडणारा पीटर पँटो हा तरुण 1939 मध्ये नाहीसा झाला आणि 1941 मध्ये त्याचे प्रेत सापडले. त्या खुनाचा संशयही याच अनास्तासियाकडे जात होता. ओड्वायर यांनी त्याच्यावर खटला भरलाच नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्या अटकेविषयीचे पत्रक पोलिसांच्या दप्तरातून काढून घेण्यात आले, आणि ते ओड्वायर यांचे विश्वासू मुख्य कारकून जेम्स मोरान यांच्या सांगण्यावरून, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. रेलेसच्या पहाऱ्याची जबाबदारी ज्या फ्रँक बाल्स यांच्यावर होती, त्यांना पुढे ओड्वायर यांनी उपपोलीस आयुक्त केले!

1942 मध्ये ओड्वायर सैन्यात गेले आणि ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचले. नाझींच्या तडाख्यातून निर्वासितांना वाचविण्यासाठी स्थापन झालेल्या मंडळाचे कामही 1945 मध्ये त्यांनी पाहिले. अनास्तासियाचे प्रकरण सोडून दिल्याबद्दल ब्रुकलिनच्या ग्रँड ज्युरीने त्याच वर्षी त्यांच्यावर ताशेरे झाडले. तरीही मतदारांनी त्यांना मोठ्या बहुमताने महापौर केले. महापौर म्हणून त्यांनी केलेले काम सामान्य नव्हते. संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्यालय न्यूयॉर्कमध्ये आणण्यात त्यांचा वाटा होता. भुयारी रेल्वेचे 1904 पासून चालत आलेले पाच सेंटांचे भाडे 1948 मध्ये दुप्पट करण्याचा अप्रिय निर्णयही त्यांनी घेतला. 1949 मध्ये ते पुन्हा निवडून आले.

येथून पुढे मात्र घसरण सुरू झाली. ब्रुकलिनचे नवे सरकारी वकील माइल्स मॅकडोनाल्ड हे एके काळी ओड्वायर यांचेच साहाय्यक. जुगाराचे अड्डे आणि पोलीस यांच्या संगनमताचा शोध त्यांनी घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा पूर्वीच्या फिर्यादीलाच ती चौकशी सलू लागली. तपासाच्या काळात एका पोलीस कॅप्टनने आत्महत्या केली. महापौर हजारो पोलिसांसह त्याच्या अंत्ययात्रेला गेले आणि चौकशीचा त्यांनी जाहीर निषेध केला. अखेर 31 ऑगस्ट 1950 रोजी त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना मेक्सिकोत राजदूत म्हणून पाठविले. त्यानंतर थोड्याच दिवसांत हॅरी ग्रॉस हा बडा बुकी पकडला गेला, आणि पोलीस खात्यात किती पैसा मुरत होता ते जगाला दिसले.

मार्च 1951 मध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढे ओड्वायर यांची साक्ष झाली. दूरचित्रवाणीवरून लाखो लोकांनी ती घरबसल्या पाहिली. 1942 मध्ये, सैन्यात असताना, आपण टोळीनायक फ्रँक कॉस्टेलोच्या घरी गेलो होतो, हे त्यांनी मान्य केले. ते लष्करी कंत्राटांच्या चौकशीसाठी, असे त्यांचे म्हणणे. अग्निशामक दलाच्या संघटनेच्या अध्यक्षाने आपण त्यांना 10,000 डॉलर दिल्याचे शपथेवर सांगितले. त्यांनी ते साफ नाकारले. मोरान हे पुढे खोटी साक्ष आणि खंडणी या गुन्ह्यांबद्दल तुरुंगात गेले. ओड्वायर यांच्यावर कोणताही आरोप कधीच ठेवला गेला नाही. 1952 च्या अखेरीस त्यांनी राजदूतपद सोडले, परंतु ते मेक्सिकोतच राहिले. 1960 मध्ये न्यूयॉर्कला परतले आणि 24 नोव्हेंबर 1964 रोजी निवर्तले. अनास्तासियाला ब्रुकलिनच्या त्या खुनांसाठी कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिली नाही. 1957 मध्ये न्हाव्याच्या खुर्चीत बसला असताना त्याच्याच धंद्यातील माणसांनी त्याला गोळ्या घातल्या.

ओड्वायर यांनी लाच घेतली असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयाने जे म्हटले नाही ते म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु या चरित्रातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. सरकारी वकिलाची खरी सत्ता तो जे खटले भरतो त्यांत नसून, तो जे भरीत नाही त्यांत असते. भरलेल्या खटल्याला न्यायाधीश असतो, उलटतपासणी असते, अपील असते. न भरलेल्या खटल्याला यांतले काहीच नसते. सात जणांची देहांत शिक्षा ब्रुकलिनच्या मतदाराने पाहिली. आठवा माणूस मोकळा फिरतो आहे, हे त्याने पाहिले नाही, आणि ग्रँड ज्युरीने बोट दाखविले तेव्हाही ते मनावर घेतले नाही. ज्याला पुढची निवडणूक जिंकावयाची आहे, त्याला गोदीच्या संघटनांची आणि पक्षाच्या म्होरक्यांची भीड पडते. ज्याला सरकारने नेमले आहे, त्याला सरकारची पडते. भीडेचा धनी बदलला, भीड तीच राहिली!

तेव्हा निवडणूक की नेमणूक, या वादात आम्हांस फारसा अर्थ दिसत नाही. खटला न भरण्याचा किंवा मागे घेण्याचा निर्णय सकारण लिहून ठेवावा लागतो काय, आणि ती कारणे तपासणारा कोणी आहे काय, हा खरा प्रश्न होय. आपल्याकडे खटला मागे घेण्यास न्यायालयाची संमती लागते, ही कायद्यातील शहाणपणाची तरतूद आहे. ती केवळ शिक्क्यापुरती उरू नये, हे पाहणे न्यायालयांचे काम आहे, तसे ते जागरूक नागरिकांचेही आहे. पीटर पँटोसारख्या माणसांना मते नसतात, कारण ती मेलेली असतात. त्यांच्या वतीने कारण विचारणारा कोणीतरी हवा.