आंद्रे-लुई शोलेस्की

पालकहो, तुमचं मूल एम.एस्सी. गणिताला असेल तर त्याच्या वहीत ‘चोलेस्की पद्धत’ बघा. (फ्रेंच उच्चार शोलेस्की, आपण कॉलेजात चुकीचाच शिकलो!) हे गृहस्थ प्राध्यापक नव्हते, तोफखान्यातले अधिकारी होते. जन्म १८७५, शिक्षण पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये. पुढे लष्करासाठी जमीन मोजताना समीकरणांचे ढीग हाताने सोडवावे लागत. त्यातली मॅट्रिक्स सममित असते, हे हेरून त्यांनी तिचे दोन त्रिकोणी भाग पाडले. पहिल्याच्या ओळींचे स्तंभ केले की दुसरा तयार! आकडेमोड जवळपास निम्मी झाली.

१९१० मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलं, छापलं मात्र नाही. ३१ ऑगस्ट १९१८ रोजी, महायुद्ध संपत आलेलं असताना, ते लढाईत मरण पावले. १९२४ मध्ये बेन्वा नावाच्या सहकारी अधिकाऱ्याने ती पद्धत छापली. मूळ हस्तलिखित अभ्यासकांच्या हाती लागायला तर एकविसावं शतक उजाडलं.