पांझरेकाठचा असिस्टंट इंजिनिअर

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो. फोटोला हार, दोन भाषणं, चहा. पण हारामागचे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीलाच आपल्या धुळ्यात होते, हे आपल्या होस्टेलवर किती जणांना ठाऊक आहे?

१८८३ साली ते पुण्याच्या सायन्स कॉलेजातून पहिले आले. योगायोग बघा, त्याच वर्षी अमेरिकेत वॉरन जॉन्सन या प्राध्यापकाने खोलीच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. वर्गाचं तापमान बघायला शिपाई सारखा आत यायचा, त्याचा त्यांना वैताग होता. आज विद्यापीठांच्या मोठ्या इमारतींत सेन्सर तापमान बघतो, कंट्रोलर ते ठरवलेल्या आकड्याशी ताडतो आणि व्हॉल्व्ह आपोआप हलतो, त्याची सुरुवात तिथली.

इकडे १८८४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले आणि खानदेशात आले. साक्रीकडे दातर्ती गावाजवळ पांझरेच्या एका प्रवाहावर पाइपांचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. पावसाळा सुरू झाला, पूर यायचा, केलेल्या कामात वाळू भरायची. त्यांनी साहेबांना लिहिलं की काम पावसाळ्यानंतर करू. साहेबांना ते मुळीच रुचलं नाही, शिस्तीची आठवण करून देण्यात आली. तेव्हा या पोरसवदा इंजिनिअरने काम पुन्हा हाती घेतलं आणि दोनेक महिन्यांत पुरं केलं. तेविशीतला मुलगा, पहिलीच नोकरी! पूर माणसाची सवड बघत नाही, हे ते पांझरेवरच शिकले असावेत, असं मला वाटतं.

कारण पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांनी जे केलं, ते थेट आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरातलं आहे. धरणात पाणी जास्त साठवायचं होतं, पण भिंत न वाढवता. त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. एरवी ते बंद राहून पाणी सुमारे ८ फूट जास्त अडवत. पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली, की चढलेल्या पाण्याच्याच जोराने वजनांचा तोल बदलायचा आणि दरवाजे उघडायचे. पूर ओसरला की पुन्हा बंद. वीज नाही, मोटर नाही, रात्री पावसात चाक फिरवायला धावणारा माणूस नाही. थर्मोस्टॅट तापमानाचं जे करतो, तेच हे पाण्याचं. आणि इथे चूक झाली असती तर वर्गात उकडलं नसतं, धरणच धोक्यात आलं असतं.

या दरवाजांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही. (आपल्यापैकी कितीजण नाही म्हणाले असते?) नंतर असेच दरवाजे ग्वाल्हेरजवळ तिग्रा धरणाला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरालाही लागले.

म्हैसूरचे दिवाण, १९५५ ची भारतरत्न, हे सगळं जनरल नॉलेजच्या पुस्तकात आहेच. वयाची शंभरी पार करून १९६२ साली ते गेले. आमच्या कंट्रोलच्या पुस्तकात मात्र थर्मोस्टॅट पहिल्याच धड्यात भेटतो, खडकवासल्याचा दरवाजा कुठेच नाही. येत्या इंजिनिअर्स डेला भाषण एक कमी करून त्या दरवाजाचं चालतं मॉडेल करायचं का? वर्कशॉपवाले सर हो म्हणाले, तर मी पत्रा कापायला तयार आहे.