सर्पगंधेची कसोटी

वाढलेला रक्तदाब हा अबोल वैरी आहे. तो दुखत नाही, खुपत नाही. एके दिवशी मेंदूत रक्तस्राव होतो किंवा हृदय थकते, तेव्हाच त्याची ओळख पटते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली असेच गेले. त्यांचा दाब बेसुमार वाढल्याचे डॉक्टरांना ठाऊक होते. तो उतरविणारे खात्रीचे औषध मात्र त्यांच्याजवळ नव्हते. जगातील बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला जे मिळाले नाही, ते भारताच्या रानावनांत उगवत होते. त्या वनस्पतीचे नाव सर्पगंधा.

तिची महती जगाला पटवून देणारे डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा जन्म १९११ मधला. लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन हे पारशी गृहस्थ मुंबईस परतले आणि हृद्रोगतज्ज्ञ म्हणून नावारूपास आले. सर्पगंधेचा शोध त्यांनी लावला, असे म्हणणे मात्र सत्याला सोडून होईल. वैद्यांना आणि हकिमांना ही मुळी पूर्वापार माहीत होती. उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर ती गुणकारी असल्याचे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. तरीही बाहेरच्या जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

वकिलांनी वेगळे केले ते एवढेच, की त्यांनी मोजले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातून त्यांनी पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, औषधापूर्वीचा आणि नंतरचा दाब नोंदला, औषधाने होणारा उपद्रवही लपविला नाही. १९४९ मध्ये हा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि चक्रे फिरली. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी औषध पारखून पाहिले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढील वर्षी पद्मभूषण. १९७४ साली ते निवर्तले.

रेसर्पिनची खरी कामगिरी याहून मोठी आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर एक चाचणी झाली. काहींना रेसर्पिनसह तीन औषधे, इतरांना औषधविरहित गोळ्या. रक्तदाब उतरविल्याने गंभीर आघात टळतात, हे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनी निर्विवाद दाखवून दिले.

याच मोजमापाने औषधाचा दोषही उघड केला. काही रुग्णांना त्याने खिन्नतेने ग्रासले. पुढे अधिक निर्धोक औषधे आली आणि आज रेसर्पिन क्वचितच दिले जाते. वनस्पतीजन्य म्हणून ते निरुपद्रवी ठरले नाही आणि भारतीय म्हणून त्याला सूट मिळाली नाही. यात कमीपणा कसला? कसोटीला उतरणे आणि प्रसंगी मागे सरणे, हाच शास्त्राचा मान आहे.

आपल्याकडे सारे काही पूर्वीच होते, असे म्हणणाऱ्यांची आज वाण नाही. कदाचित बरेच काही असेलही. पण असणे आणि सिद्ध होणे यांत जे अंतर असते, ते अभिमानाने कापले जात नाही. धीराने ठेवलेल्या नोंदवहीने कापले जाते. वकिलांनी ती वही ठेवली. निदान आपला रक्तदाब वर्षातून एकदा मोजून घेण्याइतके तरी त्यांचे ऋण आपण मानावे.