कापड व्यापाऱ्याचा पोरगा पुढे पर्यावरणाचा संत कसा झाला?

रेल्वेने नाशिकरोड जवळ आलं की एकलहऱ्याच्या उंच चिमण्या दिसतात. हे औष्णिक वीज केंद्र. इथं २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. रेल्वेने कोळसा येतो, जळतो आणि आपल्या घरात दिवा लागतो. पण कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइडही हवेत जातो आणि पृथ्वी तापते.

या प्रश्नावर काम करणाऱ्यांमध्ये जगभरातले तरुण कॅथलिकही आहेत. सृष्टीची काळजी घेण्यासाठी चर्चमध्ये दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर असा खास काळ पाळला जातो.

आता शेवट ४ ऑक्टोबरलाच का?

कारण तो असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा दिवस. आपल्याकडे त्यांच्या नावाच्या शाळा भरपूर, पण माणूस फारसा माहीत नाही.

इटलीतल्या असिसी गावात ११८१-८२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील मोठे कापड व्यापारी. घरात पैसा, अंगावर भारी कपडे, सोबत मित्रांचा गोतावळा. विशीत ते शेजारच्या पेरुजा शहराविरुद्ध लढायला गेले, पकडले गेले आणि वर्षभर कैदेत राहिले. सुटल्यावर आजारपण आलं. तिथून मन पालटलं.

ज्या कुष्ठरोग्यांची आधी किळस यायची, त्यांचीच सेवा त्यांनी सुरू केली. पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी वडिलांचं कापड आणि घोडा विकून टाकला. वडील भडकले. प्रकरण बिशपसमोर गेलं. १२०६ मध्ये तिथेच फ्रान्सिस यांनी अंगावरचे कपडे काढून वडिलांना परत केले आणि घर सोडलं. तेव्हा वय होतं पंचविशीच्या आतबाहेर.

पुढे सोबती जमले. १२०९ च्या सुमारास पोपनी त्यांच्या संघाला मान्यता दिली. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना ते थेट इजिप्तच्या सुलतानाला भेटायला गेले आणि सुखरूप परतले.

पक्ष्यांना त्यांनी उपदेश केला, लांडग्याला शांत केलं, अशा गोष्टी त्यांच्याबद्दल सांगतात. त्या आख्यायिका म्हणून सोडल्या, तरी त्यांच्या जुन्या चरित्रात दोन साध्या नोंदी आहेत. लाकूड तोडणाऱ्या सोबत्यांना ते सांगायचे की झाड मुळापर्यंत तोडू नका, पुन्हा फुटायला जागा ठेवा. आणि बागेचा एक भाग रानगवत आणि फुलांसाठी मोकळा सोडायला लावायचे.

शेवटच्या वर्षांत डोळे जवळजवळ गेले होते. उजेड सहन होत नव्हता. त्याच काळात त्यांनी सूर्य, वारा, पाणी आणि धरणीला भावंडं मानणारं स्तोत्र रचलं. तेही लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या बोलीत. आपले तुकोबा झाडावेलींशी नातं सांगतात, त्याच्या चारशे वर्षं आधी.

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी ते गेले. दोनच वर्षांत त्यांना संतपद मिळालं. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केलं. २०१३ मध्ये नव्या पोपनी फ्रान्सिस हे नाव घेतलं आणि २०१५ मध्ये पर्यावरणावर 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं. ते नावही त्याच स्तोत्रातून आलंय.

महाराष्ट्रात याची आठवण वसईत होते. तिथली शेती आणि विहिरी वाचवायला हरित वसईची चळवळ उभी राहिली, तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

एकलहऱ्याच्या चिमणीवर कित्येक घरांची चूल पेटते, म्हणून ती उद्या बंद करा म्हणणं सोपं नाही. फ्रान्सिस यांनी सुरुवात दुसऱ्यापासून केली नव्हती, आपल्याकडचं जास्तीचं आधी सोडलं होतं. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणं त्यामानाने फारच सोपं आहे.