जेम्स वॅट आणि वाकणारा नळ

जेम्स वॅट म्हटले की विद्यार्थ्यांस वाफेचे यंत्र आठवते. परंतु त्यांच्या वृद्धापकाळातील एक लोकोपयोगी कार्य फारसे कोणास ठाऊक नसते.

वॅट यांचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरगावी झाला. प्रकृती नाजूक, परंतु हात कुशल. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करीत असता न्यूकॉमेनच्या यंत्रातील वाफेचा अपव्यय त्यांच्या ध्यानी आला. वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याच्या शोधाचे एकस्व त्यांना १७६९ साली मिळाले. १८०० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले.

पुढे ग्लासगोच्या पाणीपुरवठा कंपनीपुढे अडचण उभी राहिली. चांगले पाणी क्लाइड नदीच्या पलीकडे, शहर अलीकडे आणि नदीचा तळ उंचसखल. ताठ नळ टाकावा, तर तो मोडणार! पंचाहत्तरीच्या सुमारास असलेल्या वॅट यांना शेवंडीचे शेपूट आठवले. त्याच्या कठीण कवचाचे तुकडे एकमेकांवर सरकतात, म्हणून ते वाकते, पण तुटत नाही. त्याच धर्तीवर त्यांनी लोखंडी नळाचे तुकडे उखळीच्या सांध्यांनी जोडविले. नळ तळाबरोबर वाकला. नगरास पाणी मिळाले. २५ ऑगस्ट १८१९ रोजी वॅट निवर्तले.

आज हवा भरून हालणारे मऊ यंत्रमानव घडविणाऱ्यांपुढेही तोच प्रश्न आहे : सांधा वाकावा, पण गळू नये. तापीकाठच्या सुरतेत, नवागामात शिकणाऱ्या आपणांस हे चरित्र एवढेच सांगते की, निसर्गाकडे डोळसपणे पाहणाऱ्यास वयाची आडकाठी नसते.