संगीतसूर्याची तिकीटबारी

प्रेक्षक ज्या नटासाठी तिकीट काढतो, त्या नटाच्या पदरात तिकिटाच्या पैशातील किती पडते, हा प्रश्न मराठी व्यावसायिक रंगभूमीइतकाच जुना आहे. संगीतसूर्य केशवराव भोसले यांना अवघे ३१ वर्षांचे आयुष्य लाभले. एवढ्या अल्पावधीत त्यांनी हा प्रश्न पगारी बालनट म्हणून सोसला, नाटक कंपनीचे मालक म्हणून हाताळला आणि अखेरच्या वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीने उभे राहून त्याला वेगळेच उत्तर दिले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि घरात दारिद्र्य आले. अक्षरओळख होण्याच्या वयात हा मुलगा 'स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी'त दाखल झाला. गळा असामान्य होता. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील शारदेच्या भूमिकेने केशवरावांचे नाव महाराष्ट्रभर झाले. पैशाच्या लोभाने वृद्धाच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची व्यथा हे नाटक मांडते. ती व्यथा गाणारा मुलगा स्वतःही पोटासाठीच लहानपणी घराबाहेर पडला होता, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

त्या काळातील नाटक कंपनी हा एक मोठा संसारच असे. नट, गवई, साथीदार, आचारी, पडदे ओढणारे असे सारे एका बिऱ्हाडी राहत. जेवणखाण कंपनीचे, पगार मालक ठरवील तो. नाटकाचे हस्तलिखित, पोशाख, पडदे, दौऱ्याचा बेत आणि तिकीटबारी या साऱ्या गोष्टी एकाच मालकाच्या अखत्यारीत असत. मुलांच्या आवाजावर कंपनीचा गल्ला चाले. परंतु वयात येताना आवाज फुटला, तर त्या मुलाचे पुढे काय, याची हमी कोणी देत नसे. मराठवाड्याला ही रीत परकी नाही. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतात. फडातील कलावंत हंगामापूर्वी उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत फडाशी बांधलेला राहतो. तंबू निराळा, पेशा निराळा. व्यवहार मात्र त्याच जातकुळीचा.

केशवरावांनी हे बंधन झुगारले. जुनी मंडळी सोडून त्यांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी उभारली. त्या वेळी त्यांच्या वयाला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मालकी हाती येताच त्यांनी कमाई रंगभूमीवरच ओतली. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून गाण्याची तालीम घेतली. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्या कुंचल्यातून उतरलेले पडदे रंगमंचावर आले. वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा', मामा वरेरकर यांची 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' ही नाटके कंपनीने सादर केली. हुंडा आणि धर्मांतर यांसारखे ताजे सामाजिक विषय संगीत नाटकात आणण्याचे धाडस एका तरुण मालकाने केले, याची नोंद घ्यावी लागते.

याच काळात नाट्यव्यवसायाचे रूप पालटत होते. १८८० पासून चालत आलेल्या किर्लोस्कर मंडळीतून १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन केली. पुढे टेंबे गेले, बोडसही गेले आणि तिघांची कंपनी एकट्या बालगंधर्वांची झाली. गल्ला नाटकापेक्षा नटाच्या नावावर अवलंबून राहू लागला. नाव मोठे तसा पडद्यांचा व पोशाखांचा थाट मोठा, थाट मोठा तसे कर्जही मोठे. लहान मंडळ्यांना या शर्यतीत टिकणे अवघड झाले. १९२० च्या सुमारास रसिकांत प्रामुख्याने दोन पक्ष पडले होते, एक बालगंधर्वांचा आणि दुसरा केशवरावांचा.

कंपन्यांचे हे सारे अवडंबर आगगाडीवर चाले. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातील नांदेडपर्यंत गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली होती, तर १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरच्या बाजारपेठेत पोहोचली. तथापि डबेभर सामान आणि शे-पाऊणशे माणसांचे बिऱ्हाड हलवायचे, तर त्या गावी तितका गल्ला जमला पाहिजे. खर्च वाढला की दौरा मोठ्या शहरांकडे झुकतो आणि आडबाजूच्या गावांच्या वाट्याला खेळ कमी येतात. नाट्यव्यवसायातील हा हिशेब शंभर वर्षांनंतरही फारसा बदललेला नाही.

अशा वातावरणात १९२१ साल उजाडले. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने स्वराज्य फंडासाठी देशभर एक कोटी रुपये उभारण्याचा संकल्प काँग्रेसने सोडला होता. या फंडाच्या साहाय्यार्थ केशवराव आणि बालगंधर्व यांनी एकाच रंगमंचावर उभे राहण्याचे ठरविले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. वरच्या आसनांचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता. त्या काळी ही रक्कम सामान्य कारकुनाच्या महिन्याच्या पगाराहून अधिक होती. तरीही नाट्यगृह ओसंडून वाहिले आणि एका रात्रीत सोळा हजारांहून अधिक रुपये जमले. पुढे दोघांनी 'सौभद्र'ही एकत्र केले.

या प्रयोगाची आठवण आजवर प्रामुख्याने दोन स्वरांची जुगलबंदी म्हणून सांगितली गेली. त्यामागील व्यवहार मात्र तितकाच महत्त्वाचा आहे. व्यवसायातील दोन सर्वांत मोठी नावे एकत्र आली, दुर्मीळ प्रयोगाचा दर आकाशाला भिडला आणि गरीब रसिक दाराबाहेर राहिला. एकत्र येण्याचे बळ केवढे असते, हे त्या रात्री दिसले. फरक इतकाच, की पैसा सार्वजनिक निधीत गेला आणि दोन्ही कंपन्या पूर्ववत स्वतंत्र राहिल्या. कोणी कोणाला गिळले नाही. रसिकांच्या निवडीला बाधा आली नाही.

ही जोडी पुन्हा दीर्घकाळ पाहण्याचे भाग्य महाराष्ट्राला लाभले नाही. विषमज्वराने ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले. संयुक्त 'मानापमान'ला तीन महिनेही झाले नव्हते. 'ललितकलादर्श'ची सूत्रे बापूराव पेंढारकर यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती समर्थपणे सांभाळली. बालगंधर्वांची कंपनी कर्जाच्या गर्तेतून वर आली खरी. परंतु १९३१ नंतर बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड मोडू लागले. अनेक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. ज्याच्या हाती प्रेक्षागृह, त्याच्या हाती धंदा, हे तेव्हा साऱ्यांना कळून चुकले.

आज तोच धडा नव्या रूपात समोर आहे. अमेरिकेत २०१० मध्ये लाइव्ह नेशन ही कार्यक्रम भरविणारी आणि तिकीटमास्टर ही तिकिटे विकणारी कंपनी एक झाली. मे २०२४ मध्ये तेथील न्याय खात्याने मक्तेदारीच्या आरोपावरून या कंपनीविरुद्ध खटला दाखल केला. भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीटविक्रीचा व्यवसाय २,०४८ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झालेल्या कोल्डप्लेच्या मैफलींची तिकिटे काळ्या बाजारात कित्येक पट दराने मागितली गेली, तेव्हा मोजक्या खिडक्यांवर अवलंबून राहण्याचा अर्थ सामान्य श्रोत्यालाही उमगला.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह असो वा लातूरचे दयानंद सभागृह, येथील रसिकांचा प्रश्न याहून साधा आहे. खेळ येथवर येणार का आणि आला तर तिकीट परवडणार का? त्याचे उत्तर कार्यक्रम, सभागृह आणि तिकीटबारी यांच्या चाव्या किती हातांत आहेत, यावर ठरते. हात जितके कमी, तितके कलावंत आणि श्रोता या दोघांचेही बळ कमी.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ही वास्तू आगीत जळाली आणि ती पुन्हा उभी करावी म्हणून सारे शहर हळहळले. ज्या मुलाच्या गळ्यावर एकेकाळी दुसऱ्यांचा गल्ला भरत होता, त्याच्या नावाचे नाट्यगृह गावाला आपले वाटावे, ही त्याची खरी कमाई होय.